बॅटरीवर प्रोजेक्ट चालवायचाय? मग आधी बक कन्व्हर्टर नीट शिकून घ्या

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा बीई करून आयओटी, एम्बेडेड असल्या कामात येणारी मुलंमुली कोड, सेन्सर, ॲप याबद्दल भरभरून बोलतात, पण याला सप्लाय कुठून देणार असं विचारलं की "अडाप्टर लावू ना" एवढंच उत्तर येतं. मी नाशिकजवळ दिंडोरी, निफाड भागातल्या द्राक्षबागांमध्ये हवामानाचे सेन्सर बॉक्स बसवायचं काम करते, तिथे अडाप्टर लावायला सॉकेटच नसतं. असतं काय तर एक छोटा सोलर पॅनल, चार्ज कंट्रोलर, १२ व्होल्ट ७ एएचची (ॲम्पिअर-अवर) लेड ॲसिड बॅटरी, आणि त्यातून कंट्रोलरला ५, सेन्सरला ३.३, मोबाइल नेटवर्कवर डेटा पाठवणाऱ्या जीएसएम मोड्यूलला ४ असे वेगवेगळे व्होल्टेज काढायचे असतात, आणि जास्त व्होल्टेजचा कमी करणारं सर्किट, म्हणजे बक कन्व्हर्टर, हेच काम करतं. बंद पडलेला बॉक्स टेबलावर उघडला की बिघाड बहुतेक वेळा सप्लायमध्येच सापडतो, कोडमध्ये क्वचित. म्हणून या लाइनमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी हे सगळं लिहितेय, कॉलेजमध्ये हा भाग दोन लेक्चरमध्ये उरकतात.

कॉलेजात ५ व्होल्ट म्हटलं की ७८०५ ही रेग्युलेटर चिप हाताला बसलेली असते. ७८०५ वाईट नाहीये पण तो लिनियर आहे, म्हणजे जास्तीचा व्होल्टेज तो उष्णता करून फेकून देतो. १२ मधून ५ काढताना १ ॲम्पिअर घेतला तर ७ व्होल्ट गुणिले १ ॲम्पिअर, ७ वॅट नुसती उष्णता, आणि लोडला मिळतात फक्त ५ वॅट. हीटसिंक नसेल तर थोड्याच वेळात त्याला बोट लावता येत नाही आणि मग आतलं थर्मल प्रोटेक्शन त्याला बंद करतं, थंड झाला की परत चालू. नवशिक्याला वाटतं प्रोग्रॅम हँग होतोय.

बक कन्व्हर्टर हेच काम वेगळ्या पद्धतीने करतो. आतला स्विच सेकंदाला लाखाच्या वर वेळा चालू-बंद होतो (एलएम२५९६ या नेहमीच्या बक चिपमध्ये १५० किलोहर्ट्झ), स्विच चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते, बंद झाला की तीच ऊर्जा डायोडच्या वाटेने लोडकडे जाते. पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर पाय थांबून थांबून पडतो तरी चाक एकसारखं फिरत राहतं, तसं कॉइल आणि कपॅसिटर मिळून तुटक पुरवठा सपाट करतात. १२ चे ५ करायचे तर स्विच साधारण ४२ टक्के वेळ चालू असतो. आता बॅटरीच्या बाजूने हिशोब करा. लोडला ५ वॅट हवेत आणि एफिशियन्सी ८० टक्के धरली तर बॅटरीतून सव्वासहा वॅट, म्हणजे १२ व्होल्टला अर्ध्या ॲम्पिअरच्या थोडंसं वर. ७८०५ ला मात्र पूर्ण १ ॲम्पिअर लागतो. तीच बॅटरी, तोच लोड, आणि चालायचा वेळ जवळपास दुप्पट. हा हिशोब कागदावर स्वतः करून बघा, इंटरव्ह्यूला आलेल्यांना मी हाच विचारते आणि ज्यांना येतो त्यांचं बाकीचं शिकणं पटापट होतं.

बाजारात काय घ्यायचं? पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला "स्टेप डाउन मोड्यूल" म्हटलं की बहुधा एलएम२५९६ वालं निळं बोर्ड हातात ठेवतात. शिकायला ते उत्तम, भाग मोठे आणि सुटे दिसतात, मल्टिमीटरची पिन कुठेही टेकवता येते. ही चिप मूळची नॅशनल सेमीकंडक्टरची, ती कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, त्यामुळे डेटाशीट त्यांच्या साइटवर फुकट मिळते, ती एकदा तरी पूर्ण वाचाच. चिपवर ३ ॲम्पिअर लिहिलेलं असलं तरी त्या छोट्या बोर्डवर हीटसिंकशिवाय मी दीड-दोनच्या वर जात नाही. स्वस्त बोर्डवर नकली चिपही भरपूर असतात, त्यातल्या काही १५० ऐवजी ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात, मग तीच कॉइल अपुरी पडते आणि गरम होते. जागा कमी असेल तर एमपी१५८४ चं बोटाच्या पेराएवढं बोर्ड येतं, फक्त त्याला इनपुटला २८ व्होल्टची मर्यादा आहे. २४ व्होल्टचा सप्लाय लांब वायरने चालू अवस्थेतच खटकन जोडला की वायर आणि इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर मिळून क्षणभर त्याच्या बरंच वरचा झटका तयार करतात आणि चिप जाते. इनपुटला ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलिटिक लावला की हा झटका दबतो.

आता नवीन मोड्यूल हातात आल्यावर काय करायचं ते नीट सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त बोर्ड जळतात. लोड अजिबात जोडायचा नाही. इनपुटला १२ व्होल्ट द्या, आउटपुटला मल्टिमीटर लावा. नवीन मोड्यूल बहुतेक वेळा इनपुटच्या जवळचाच व्होल्टेज दाखवतो, ११ वगैरे, त्यामुळे थेट ईएसपी३२ (वायफायवाला कंट्रोलर) लावलात तर खेळ तिथेच संपला. निळ्या पॉटवरचा (व्होल्टेज सेट करायचा बदलता रेझिस्टर) पितळी स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवायला लागा. पहिले बरेच फेरे काहीच होत नाही, आकडा ढिम्म हलत नाही, आणि मुलं मोड्यूल खराब आहे म्हणून बाजूला ठेवतात. तो मल्टिटर्न पॉट आहे, फिरवत राहा, एका जागी आल्यावर आकडा सरसर खाली यायला लागतो, मग सावकाश ५.० वर आणा. पण इथे थांबू नका, १० ओहम १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर आउटपुटला लावा, म्हणजे अर्धा ॲम्पिअर जाईल, दोन समांतर लावले की एक. दहा मिनिटं तसंच ठेवून आकडा परत बघा, चिप आणि कॉइलला बोट लावून बघा (रेझिस्टरला नको, तो चांगलाच तापतो). लोडवर ५.० चे ४.६ झाले तर ते मोड्यूल माझ्या बॉक्समध्ये जात नाही. सगळं ठीक असेल तर स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब, म्हणजे ट्रॅक्टरच्या हादऱ्याने हलायला नको.

जीएसएमचं मोड्यूल, सिम८००एल, हे तर सप्लाय शिकायची शाळाच आहे. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, म्हणजे ५ पण चालत नाही आणि ३.३ पण नाही, आणि सिग्नल पाठवताना ते क्षणभर २ ॲम्पिअरपर्यंत खेचतं. तो क्षण म्हणजे साधारण अर्धा मिलिसेकंद. मल्टिमीटर संथ असतो, तो निवांत ४.० दाखवत राहतो आणि मोड्यूल मात्र नेटवर्क शोधता शोधता रिस्टार्ट होत राहतं, पोरं सिम बदलतात, अँटेना बदलतात, कोड बदलतात. ऑसिलोस्कोपवर बघितलं की खड्डा स्वच्छ दिसतो. उपाय साधा आहे, बक ४.० वर सेट करायचा, वायर जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवायची, आणि १००० मायक्रोफॅरडचा लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कपॅसिटर अगदी मोड्यूलच्या पिनला चिकटून लावायचा, बकच्या टोकाला नाही.

वायरचं खरंच मनावर घ्या. २४ गेजच्या (एडब्ल्यूजी) तांब्याच्या वायरला मीटरला साधारण ०.०८४ ओहम असतात, दोन मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन चार मीटर, १ ॲम्पिअरला ०.३४ व्होल्ट वायरमध्येच गेले. म्हणून लांब न्यायचं असेल तर १२ व्होल्ट न्या आणि बक लोडच्या शेजारी बसवा.

बॅटरीवर महिनोन्महिने चालवायचं असेल तर अजून एक गोष्ट बघावी लागते. एलएम२५९६ स्वतःच चालू राहायला ५ ते १० मिलिॲम्पिअर खातो, लोड असो वा नसो. ईएसपी३२ ची चिप डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेच्या मोडमध्ये) जाऊन मायक्रोॲम्पिअरमध्ये येते याचं कौतुक करायचं आणि वर १० मिलिॲम्पिअर खाणारा बक बसवायचा, तर ७ एएचची बॅटरी काहीही काम न करता महिन्याभरात संपेल, आणि लेड ॲसिड इतकी उतरली की कायमची खराब होते. अशा ठिकाणी कमी क्वायसंट करंटचा (स्वतः चालू राहायला लागणारा करंट) रेग्युलेटर शोधा, डेटाशीटमध्ये हा आकडा पहिल्या पानांवरच असतो.

लोडशेडिंगमुळे १२ व्होल्टची बॅटरी आणि बक लावून १२ व्होल्टचा वायफाय राउटर चालवू का, असं बरेच जण विचारतात. नाही चालणार. बक फक्त कमी करतो, आणि त्याला स्वतःला इनपुट दीड-दोन व्होल्ट वर लागतो, बॅटरी उतरून ११.५ झाली की १२ कुठून आणणार? त्याला बक-बूस्ट घ्या, तो व्होल्टेज कमीही करतो आणि वाढवतोही. तसंच नावात स्टेप डाउन आहे म्हणून हे मोड्यूल घरच्या २३० व्होल्टच्या लाइनला लावायचं नाही, यात इनपुट आणि आउटपुटचं ग्राउंड एकच असतं, आयसोलेशन, म्हणजे दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणं, नावाला पण नाही.

ॲनालॉग सेन्सरचे आकडे नाचत असतील तर बकचा रिपल, म्हणजे आउटपुटमधली बारीक चढउतार, हे पहिलं कारण तपासा. मी ५ बकने काढते आणि त्यातून ३.३ छोट्या लिनियर रेग्युलेटरने, तिथे करंट कमी असतो त्यामुळे उष्णतेचा प्रश्न येत नाही आणि जमिनीतल्या ओलाव्याचं रीडिंग स्थिर येतं.

आणि बक जातो तेव्हा कसा जातो तेही माहीत असू द्या. आतला स्विच शॉर्ट झाला किंवा पॉटचा संपर्क सुटला तर पूर्ण १२ व्होल्ट पुढे जातात, ५ व्होल्टचं सगळं एका फटक्यात जातं. म्हणून बॅटरीच्या प्लसला लागूनच २ ॲम्पिअरचा फ्यूज आणि आउटपुटला ५ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (जास्त व्होल्टेज अडवणारा), म्हणजे व्होल्टेज चढला तर डायोड शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. दोन्ही मिळून खर्च चहा-वडापावएवढा. कायमच्या कामात पॉटवालं मोड्यूल न घेता फिक्स ५ व्होल्टची चिप घेतली तर पॉटची काळजीच मिटते, आमच्या नवीन बॉक्समध्ये आता तीच असते, आणि झाकणाच्या आतून मार्करने लोडवर मोजलेला व्होल्टेज, करंट आणि तारीख लिहिलेली असते, म्हणजे पुढच्या सीझनला जो कोणी बॉक्स उघडेल त्याला तुलना करायला आकडा मिळतो.