या चुका टाळा: आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांचे खटले लढवायचे असतील तर

या क्षेत्रात नव्याने आलेले वकील रोम स्टॅट्यूटची, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय (आयसीसी) ज्या करारावर चालतं त्याची, कलमं घडाघडा सांगतात. मग त्यांनी घेतलेला पहिला जबाब माझ्या टेबलावर येतो आणि दर वेळी समासात मला तोच प्रश्न लिहावा लागतो: हे साक्षीदाराने पाहिलं की ऐकलं?

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. मी ज्युनिअर असताना एका गावावर झालेल्या हल्ल्याचे जबाब घेत होते. समोर पन्नाशीची बाई, शेजारी दुभाषा. ती म्हणाली, "सैनिकांनी सात घरं जाळली, आम्ही पाहिलं." मी लिहिलं, 'साक्षीदाराने सात घरं जळताना पाहिली.' 'आम्ही' म्हणजे कोण, हे विचारलं नाही, कारण संध्याकाळच्या आत आणखी दोन जबाब उरकायचे होते. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "त्या वेळी तुम्ही नदीच्या कुठल्या बाजूला होता?" ती पलीकडे मक्यात लपली होती. घरं पाहिली होती तिच्या दिराने, आणि रात्री त्याने सगळं सांगितलं होतं. घरातल्या एकाने पाहिलं म्हणजे आपण सगळ्यांनी पाहिलं, अशीच तिची बोलायची रीत होती. नवऱ्याला मात्र तिच्या डोळ्यांदेखत उचलून नेलं होतं. त्या एका उत्तरानंतर न्यायाधीशांनी तेही ग्राह्य धरलं नाही. बाहेर आल्यावर तिने दुभाष्याला विचारलं, "माझं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं, चूक माझी होती.

हा धडा आधीच लिहून ठेवलेला होता. रवांडातल्या 1994 च्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 1998 मध्ये टांझानियातल्या अरुशात अकायेसू या नगरप्रमुखाच्या खटल्याचा निकाल दिला. दुसऱ्याने सांगितलेली घटना स्वतः पाहिल्यासारखी सांगण्याच्या रीतीची नोंद त्यात आहे. नेमकं विचारलं की साक्षीदार पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करून सांगत, हेही त्यात आहे. म्हणजे विचारणं हे आपलं काम. शिवाय या न्यायालयांत ऐकीव पुरावा सरसकट बाद होत नाही, त्याला किती वजन द्यायचं ते न्यायाधीश ठरवतात. मग ऐकीव गोष्ट 'पाहिली' म्हणून लिहायची गरजच काय?

माझी सवय सांगते. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे डोळ्यांनी पाहिलेलं, उजवीकडे कानांनी ऐकलेलं, आणि ते कोणाकडून ऐकलं. कोरा कागद देऊन साक्षीदाराला जागेचा नकाशा काढायला लावते. घर कुठे, नदी कुठे, तुम्ही कुठे उभ्या होता? त्या बाईला हा कागद दिला असता तर नदी पहिल्याच दिवशी दिसली असती. यात अर्धा दिवस जातो. तो द्यायची तयारी नसेल तर जबाब घ्यायला जाऊच नये. तयार प्रश्नावली घेऊन तासाभरात जबाब उरकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरी चूक म्हणजे अत्याचाराच्या पुराव्यांचा ढीग लावायचा आणि आरोपीपर्यंत पोहोचणारा दुवा शोधायचाच नाही. गावं जळाली, माणसं मारली गेली, हे अनेकदा बचाव पक्षालाही फारसं नाकारायचं नसतं. खटला अडतो तो मुख्यालयात बसलेल्या माणसाला काय माहीत होतं आणि त्याने काय केलं, यावर. काँगोतल्या एका सशस्त्र गटाचे प्रमुख बेंबा यांना, त्यांच्या सैनिकांनी शेजारच्या देशात केलेल्या गुन्ह्यांसाठी, 2016 मध्ये हेगच्या आयसीसीत दोषी ठरवून 18 वर्षांची शिक्षा झाली. 2018 मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी ते निर्दोष सुटले. गुन्हे रोखण्यासाठी आणि शिक्षा देण्यासाठी कमांडरने शक्य ते सगळं केलं की नाही, हा त्या निकालातला कळीचा प्रश्न होता, आणि सैन्य परदेशात असताना दूरवरच्या कमांडरच्या हातात किती असतं, याचा नीट विचार झाला नाही, असं बहुमताने म्हटलं. म्हणून कोण कोणाला रिपोर्ट करत होतं, वायरलेस कोणाकडे होता, पगार कोण वाटत होतं, हे मी प्रत्येक साक्षीदाराला विचारते, अगदी छावणीतल्या स्वयंपाक्यालाही. त्याला बऱ्याचदा खूप माहीत असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. पहिल्याच मसुद्यात 'वंशसंहार' लिहू नका. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट नष्ट करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि राजकीय गट त्या व्याख्येत बसत नाही. आयसीसी आणि आयसीजे (आंतरराष्ट्रीय न्यायालय) यांची गल्लत करू नका, पहिल्यात व्यक्तींवर खटले चालतात, दुसऱ्यात राष्ट्रांमधले वाद. फ्रेंच शिकणं पुढे ढकलू नका, आयसीसीचं कामकाज इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही चालतं. आयसीसीत मुख्य वकील व्हायला 10 वर्षांचा अनुभव लागतो, तेवढ्यात ती नक्की येते.

आणि 'गोपनीय' म्हणून मिळालेला कागद डोळे मिटून घेऊ नका. काँगोतल्याच दुसऱ्या सशस्त्र गटाचे नेते लुबांगा यांच्यावरच्या आयसीसीतल्या खटल्यात अभियोग पक्षाने अशाच अटीवर घेतलेले 200 हून अधिक कागद बचाव पक्षाला दाखवता येईनात, म्हणून 2008 मध्ये खटलाच थांबवावा लागला. आरोपीच्या बाजूचा पुरावा त्याला मिळालाच पाहिजे, हे रोम स्टॅट्यूटचं कलम 67 सांगतं. कागद देणाऱ्याची अट मी आधी वाचते, पहिल्या पानावर तारखेसह लिहिते आणि मगच फाइलला लावते.