पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी पिण्याजोगे कसे करावे

पुराचे पाणी गावात शिरले की शौचालयांच्या टाक्या, उकिरडे आणि गोठे धुऊन निघतात आणि ती सगळी घाण विहिरीत उतरते. म्हणून जुलाब, कॉलरा, विषमज्वर यांची साथ पाणी ओसरल्यावर डोके वर काढते. ती रोखायची तर पहिले काम विहिरीवर.

गढूळ पाण्यात टीसीएल पावडर (जंतू मारणारी क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर) टाकणे ही नेहमीची चूक. गाळ आणि कुजका कचरा क्लोरीन खाऊन टाकतात, जंतूंसाठी काही उरत नाही. आधी उपसा करा आणि गाळ काढा. आजूबाजूची जमीन अजून पाण्याने फुगलेली असेल तर मात्र एकदम तळ गाठू नका, बाहेरच्या दाबाने कच्चे बांधकाम आत ढासळते. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, त्याचा धूर आत साचून माणूस गुदमरतो. गाळ काढायला उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर दोघे हवेत. खालचा बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे कोणीही उडी घेऊ नये, दोराने ओढून घ्यावे. एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो तो असाच.

आता हिशेब. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. 3.14 × व्यास × व्यास × खोली ÷ 4 × 1,000 म्हणजे लिटर. व्यास 4 मीटर आणि पाणी 3 मीटर असेल तर सुमारे 37,700 लिटर झाले. पुरात बुडालेल्या विहिरीला पहिला डोस जबर लागतो: दर 1,000 लिटरला 60 ग्रॅम, म्हणजे या विहिरीला सव्वादोन किलो. हा हिशेब 33 टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा आहे. ओल लागलेली, महिनोन्‌महिने उघडी राहिलेली पावडर 20 टक्क्यांवर आली असेल तर 100 ग्रॅम धरा. त्याहून कमकुवत पावडर वापरूच नका.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. आधी थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग 200 लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपात पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटे निवळू द्या. तळाचा चुना बाजूला टाकून फक्त वरचे निवळ पाणी विहिरीत घ्या. बादली दोराने खोल सोडून जोरात वर-खाली हलवा, नाहीतर औषध वरच्या थरातच राहते. विहिरीचा कठडा आणि आतली भिंतही याच पाण्याने धुवा. तोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला. अॅसिड किंवा संडास धुण्याचे द्रावण याच्यात मिसळले तर विषारी वायू सुटतो.

रात्रभर विहीर बंद ठेवा, कोणीही पाणी भरू नये. सकाळी क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत उपसा करा. नवे पाणी चढले की रोजचा डोस सुरू करा: दर 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम. वरच्या विहिरीला तो साधारण 95 ग्रॅम होतो. डोसनंतर पूर्ण एक तास थांबा आणि मग ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घ्या, तिने पाण्यात किती क्लोरीन उरला ते कळते. नळीत ओटीचे थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत येणारा पिवळा रंगच खरा. उशिरा येणारा रंग घाणीशी आधीच बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, त्याच्यावर विसंबू नका. पट्टीशी ताडून लिटरला 0.5 मिलिग्रॅम दिसले पाहिजे. रंग आलाच नाही तर पुन्हा डोस, पुन्हा एक तास. चाचणी शेवटच्या घरच्या नळावरही घ्या. टाकीवर रंग येतो आणि नळावर येत नाही, तेव्हा पाइप कुठेतरी फुटून गटाराचे पाणी आत ओढले जात असण्याची शक्यता असते.

निवारा शिबिरात 20 माणसांमागे एक शौचालय हवे, पाण्याच्या जागेपासून किमान 30 मीटर लांब, आणि दाराशीच साबण. जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पाकीट 1 लिटर पाण्यासाठी असेल तर पूर्ण लिटरभरच पाणी घ्या, आणि 24 तासांत उरलेले टाकून द्या. लहान मुलांना सोबत झिंकच्या गोळ्या 14 दिवस. शिबिरात गोवराच्या लसीकडे दुर्लक्ष नको, दाटीत तो झपाट्याने पसरतो.

चिखल उपसणाऱ्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका असतो. 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या पुरानंतर त्याची साथ आली होती. गमबूट घाला, जखम झाकून ठेवा. घाण पाण्यात उतरलात तर 72 तासांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्सिसायक्लिन या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. गरोदर बाई आणि 8 वर्षांखालील मुलांसाठी डॉक्टर वेगळे औषध देतात. ताप, पोटऱ्यांत जबर दुखणे, डोळे लाल होणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवा.

आठवड्याभरात सगळे शांत वाटले तरी रोजचा डोस आणि ओटीची नोंद थांबवू नका. दूषित पाण्यातून झालेली कावीळ दोन ते सात आठवड्यांनी दिसते. एकाच गल्लीतल्या दोन-तीन घरांत जुलाब किंवा कावीळ आढळली की त्याच दिवशी आरोग्यसेविकेला कळवा आणि त्या गल्लीच्या नळाची चाचणी घ्या.