नर्मदा परिक्रमेची सॅक कशी भरायची (आणि बुणगे घरी कसे ठेवायचे)

पायी परिक्रमा करायची ठरली की पहिल्या आठवड्यात माणूस दोनच गोष्टी करतो, एक म्हणजे घरच्यांची परवानगी काढतो आणि दुसरं म्हणजे ऑनलाइन दुकानात जाऊन कार्ट भरतो. मीही भरली होती. तंबू, गॅसची चिमुकली शेगडी, तीन लिटरची पाण्याची पिशवी, फोल्डिंग खुर्ची (हो, खुर्ची, हसू नका). यातलं निम्मं घेतलंही, आणि त्यातलं काय काय परत आलं ते शेवटी सांगतो.

आधी हिशोब बघा. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते, लांबी १३१२ किमी. दोन्ही किनारे धरले तर २६०० किमीच्या वर जातं, वळसे धरून अजून जास्त. रोज २०-२५ किमी चाललात तरी चार महिने सहज लागतात. परंपरेत परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची सांगितलीय, पण नोकरीधंद्यातून सुटी काढून येणारे बहुतेक चार ते सहा महिन्यांत करतात. म्हणजे ही पाठीवरची पिशवी तुमचं चार महिन्यांचं घर आहे, आणि ते घर रोज सकाळी उचलून निघायचंय.

पायरी १: आधी कॅलेंडर, मग बॅग

चातुर्मासात परिक्रमा थांबते, त्यामुळे बहुतेक लोक कार्तिकात निघतात. आपल्याकडचे बरेचसे लोक ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलतात, म्हणजे सुरू करतात, कारण खांडव्यापर्यंत रेल्वे आणि तिथून बसने साधारण ७० किमी, सोपं पडतं. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची, म्हणजे दक्षिण किनाऱ्याने समुद्राकडे, होडीने मुखापाशी पलीकडे, मग उत्तर किनाऱ्याने अमरकंटक आणि तिथून वळून परत.

आता यात ऋतू बसवा. नोव्हेंबरात गुलाबी थंडी, डिसेंबर-जानेवारीत रात्री हाडं गोठतात, अमरकंटकच्या बाजूला पोचाल तेव्हाही थंडी असते कारण ते हजार मीटरच्या वर आहे, आणि परतीच्या टप्प्यात मार्च-एप्रिलचं ऊन, पारा चाळिशीकडे. मध्येच मावठा झाला तर तोही. एकाच सॅकमध्ये हे सगळं बसत नाही आणि बसवायचंही नाही, थंडीचं सामान थंडी संपली की पोस्टाने घरी. हे आधीच ठरवून ठेवलं की खरेदी निम्म्यावर येते.

पायरी २: किनारा काय देतो ते समजून घ्या

परदेशी बॅकपॅकिंगच्या याद्या इथे चालत नाहीत, त्याचं कारण हे. नर्मदेच्या काठी परिक्रमावासीला जेवण मिळतं, डोक्यावर छप्पर मिळतं. आश्रम, धर्मशाळा, मंदिराची ओसरी, शाळेची पडवी, नाहीतर एखादं घरच. कुठे तयार भोजनप्रसादी, कुठे सदाव्रत म्हणजे आटा-डाळ-तांदूळ हातात देतात आणि आपण शिजवायचं, भांडी बहुतेक ठिकाणी तेच देतात. चहा तर विचारू नका, दर दोन किमीला कुणीतरी "नर्मदे हर, बाबाजी, चाय पीके जाओ" म्हणून हाक मारतं. संध्याकाळी आश्रमात शिरलात की पहिला प्रश्न "कितनी मूर्ति हो?", म्हणजे किती जण आहात.

तेव्हा तंबू, शेगडी, भांड्यांचा सेट, कोरड्या खाऊचे डबे हे सगळं बाद. मूठभर शेंगदाणे-गूळ पुरे. आणि खाऊ जास्त ठेवला तर आश्रमातले उंदीर सॅक कुरतडतात, हे मी भोक पडलेली सॅक शिवून शिकलोय. रात्री सॅक खुंटीला टांगायची.

किनारा जे देत नाही ते तीनच, तुमचे पाय, तुमची झोप आणि कोरडे कपडे. पैसे खर्च करायचे ते या तिघांवर.

पायरी ३: पाय

इथे मी थोडा लांबण लावणार आहे कारण परिक्रमा सुटते ती श्रद्धा कमी पडून नाही, टाचेला फोड येऊन सुटते.

घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाड ट्रेकिंग बूट घेऊ नका. सह्याद्रीत ठीक आहेत, पण इथे बरंच चालणं डांबरी रस्ता, शेताचा बांध आणि धुळीची वाट असं मिश्र आहे. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यामुळे शूलपाणीच्या झाडीतली (म्हणजे वाटेतल्या जंगलपट्ट्यातली) काठाकाठाने जाणारी जुनी वाट बुडाली, त्यामुळे तो भाग आता डोंगरातून आणि रस्त्याने फिरून जावा लागतो. डांबरावर कडक बूट म्हणजे संध्याकाळी तळवे पेटतात. चांगली गादी असलेले चालायचे किंवा धावायचे शूज घ्या, नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे. खरेदी संध्याकाळी करा, पाय दिवसभराने फुगलेले असतात, आणि परिक्रमेत ते रोजच फुगणारेत. जे मोजे घालून चालणार तेच घालून शूज बघा. सॅक घेऊन निदान शंभर किमी घरीच चालून घ्या, नवा कोरा जोड ओंकारेश्वरला पायात घालणारा माणूस तिसऱ्या दिवशी चप्पलवर येतो.

आणि एका जोडात परिक्रमा होत नाही. असे शूज ६००-८०० किमीनंतर बसतात, वरून चांगले दिसले तरी आतली गादी मेलेली असते. भरूच, जबलपूर, नर्मदापुरम् (जुनं होशंगाबाद) अशा मोठ्या गावांत नवा घ्यायचा हिशोब ठेवा. एक गंमत लक्षात असू द्या, नर्मदा ओलांडायची नाही. म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावर शूजचं दुकान अगदी दिसत असलं तरी ते तुमच्यासाठी नाही! माझा सोल आ वासून उघडला तेव्हा बाजारपेठ समोर होती आणि मी सुतळी बांधून दोन दिवस चाललो.

सोबत सँडल हवीच, मागे पट्टा असलेली, नाले ओलांडायला आणि संध्याकाळी पायांना हवा लागायला. मोजे तीन जोड. सकाळी बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला व्हॅसलीन किंवा खोबरेल चोपडा. कुठे गरम लागायला लागलं की "पुढच्या गावात बघू" म्हणू नका, तिथेच बसून पट्टी चिकटवा. फोड आल्यावर करायच्या उपायांपेक्षा तो न येऊ देणं शंभरपट सोपं.

पायरी ४: सॅक

४० लिटर, फार तर ४५. साठची घेतलीत तर साठ भरेल, हा निसर्गनियम आहे. दुकानात रिकामी सॅक लावून आरशात बघू नका, त्यांच्याकडून पाच-सहा किलो वजन आत टाकून घ्या आणि दहा मिनिटं फेऱ्या मारा. कंबरपट्टा पोटावर नाही, कंबरेच्या हाडावर बसला पाहिजे, बहुतेक वजन तिथे यायला हवं, खांद्यांनी फक्त सॅक मागे पडू द्यायची नाही एवढंच काम करायचं. रिकाम्या सॅकचं वजन सव्वा किलोच्या वर नको. चेन जाड बघा, माझ्या सॅकची चेन दुसऱ्या महिन्यात गेली आणि पुढे सेफ्टी पिनांवर संसार केला.

पावसासाठी वरून घालायचं कव्हर मिळतं, पण पाठीकडून पाणी येतंच. त्यापेक्षा आतून एक मोठी जाड कचऱ्याची पिशवी घाला आणि सगळं सामान त्या पिशवीत, तोंड पिळून बंद. मुखापाशी विमलेश्वरच्या बाजूने मिठीतलाईकडे होडीने जायचं असतं तेव्हा ही पिशवी सोन्याची वाटते, भरतीच्या वेळेप्रमाणे होडी सुटते, माणसं दाटीवाटीने बसतात आणि खारं पाणी अंगावर उडतं.

जड वस्तू पाठीला चिकटून मध्यावर, अंथरूण तळाला, दिवसा लागणारं वर. बास, यात फार शास्त्र नाही.

पायरी ५: झोप

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात, त्यातला कम्फर्टचा आकडा तेवढा खरा माना, एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचेल असा अर्थ आहे. ५ अंश कम्फर्टची, किलोभराची पुरते. आश्रमात कांबळं मिळतं बऱ्याचदा, पण गर्दी असली की नाही मिळत, आणि मिळालं तर आपल्या आधी त्यात कोण झोपलं होतं हा विचार करायचा नाही. खाली अंथरायला फोमची पातळ मॅट, तीनशे ग्रॅमची, फरशीची थंडी वर येते ती हीच अडवते. आणि वारीत वारकरी बाळगतात तसला प्लास्टिकचा मोठा कागद एक. खाली अंथरा, पावसात पांघरा, ओल्या जागी सॅकखाली घाला. दुकानातल्या महागड्या पोंचोपेक्षा मला तो जास्त आवडतो.

पायरी ६: कपडे

अंगावर एक, सॅकमध्ये एक, बास. बहुतेक जण पांढरे घालतात. जीन्स अजिबात नाही. थंडीला एक थर्मल आणि एक हलकं जॅकेट किंवा शाल, कानटोपी. टॉवेल नेऊ नका, पंचा न्या! पंचा अर्ध्या तासात वाळतो, उन्हात डोक्याला, धुळीत तोंडाला, वेळेला पाणी गाळायला आणि रात्री उशीवर. मी दोन नेले आणि तिसरा वाटेत कुणीतरी दिला.

बायकांना माझ्यासोबत चाललेल्या एका काकूंचा सल्ला जसाच्या तसा देतो, साडी-परकर वाळत नाही, सलवार-कुर्ता बरा, आणि पॅड्स गावोगाव मिळतील या भरवशावर राहू नका, झाडीच्या भागात तर नाहीच.

पायरी ७: किरकोळ, पण अडतं ते इथेच

आधारकार्ड, त्याच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट साइझ फोटो, कारण निघताना तिथल्या नगरपरिषदेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून परिक्रमावासी असल्याचं पत्र घ्यायचं असतं. एक छोटी वही, मुक्कामाच्या ठिकाणी शिक्का-सही घेतात त्यात. थोडी रोकड सुट्ट्या नोटांत, यूपीआयला नेटवर्क लागतं आणि झाडीत ते नसतं.

नर्मदाजलाची बाटली सोबत ठेवायची असते, रोज पूजा होते तिची. ती घट्ट झाकणाची, चांगली आटे असलेली घ्या आणि घरी रात्रभर उलटी ठेवून बघा. गळकी बाटली म्हणजे मनाला टोचणी आणि वर ओली स्लीपिंग बॅग.

दाढीचं सामान राहू दे, परिक्रमेत केस-नखं काढत नाहीत. नर्मदेत साबणही लावत नाहीत, त्यामुळे साबणाची छोटी वडी हातपंपापुरती. ताटली आणि ग्लास स्टीलचा हलका. काठी वाटेतच घ्या, कुत्र्यांसाठी आणि चिखलासाठी. हेडटॉर्च, दहा हजार एमएएचची पॉवर बँक, आणि एक छोटा मल्टिप्लग, आश्रमात एका सॉकेटभोवती पंधरा मोबाइल असतात, मल्टिप्लगवाला तिथे देवमाणूस ठरतो.

औषधं: ओआरएस, पॅरासिटामॉल, क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, जखमेचं मलम, डासांचं मलम. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याभराच्या आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाही, तुमचा ब्रँड तिथल्या दुकानात असेलच असं नाही.

पायरी ८: वजन आणि तालीम

सगळं भरून लिटरभर पाण्यासकट सात किलोच्या आत आलं पाहिजे. माझा शेवटी जमलेला हिशोब असा: सॅक १२००, स्लीपिंग बॅग १०००, मॅट आणि कागद ६००, कपडे १२००, चार्जर वगैरे ५००, औषधं ३००, ताटली-ग्लास-पूजेचं ५००, बाकी चिल्लर ५०० ग्रॅम. झाले ५ किलो ८००, वर पाणी.

मग ती सॅक घेऊन लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा किमी चाला. पुणेकर सिंहगड चढून येतात आणि तालीम झाली म्हणतात, पण एक दिवस कुणीही चालतो, खरं काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी सॅक परत खांद्यावर घेताना कळतं. घरी येऊन सगळं जमिनीवर पसरा आणि दोन दिवसांत ज्याला हात लागला नाही ते बाजूला काढा, औषधं आणि पावसाचा कागद सोडून.

एवढं करूनही जास्त होतंच. ओंकारेश्वर सोडल्यावर पहिल्या काही दिवसांतच रावेरखेडी लागते, थोरल्या बाजीरावांची समाधी, १७४० साली तिथेच गेले ते. ज्या माणसाने बुणगे, म्हणजे सैन्यामागचा बिनलढाऊ लवाजमा, मागे ठेवून नुसत्या घोडदळावर मुलूखगिरी केली त्याच्या समाधीपाशी मी नऊ किलोची सॅक टेकवून धापा टाकत बसलो होतो, आणि तिथल्या ओट्यावरच पिशव्या उपसल्या. बडवानीला पोस्टात गेलो, पार्सल केलं. खुर्ची, शेगडी, दुसरा टॉवेल, तीन टी-शर्ट, जाड पुस्तक, दाढीचा किट. दोन किलोच्या वर भरलं.

चार दिवसांनी बायकोचा फोन आला. म्हणाली, पार्सल मिळालं, खुर्ची बाल्कनीत ठेवलीय, छान आहे बसायला.