मिळकतीच्या कागदांत या चुका टाळा : बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी घरांसाठी

वडील गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात जमिनीचा विषय काढत नाहीत. रीत चांगली आहे. पण कितीतरी घरांत ते एक वर्ष लांबत जातं. उताऱ्यावर आजोबांचंच नाव राहतं, आणि बायपासच्या संपादनाची नोटीस आली किंवा सोसायटीतून पीककर्ज हवं झालं की सगळ्यांची धावाधाव सुरू होते. तोवर एक भाऊ पुण्याला असतो, एक बहीण चंदगडला दिलेली असते आणि तिसऱ्याशी बोलणं बंद झालेलं असतं. सीमाभागातल्या आपल्या घरांत ज्या चुका पुन्हा पुन्हा होतात, त्या इथे लिहितो आहे. यातल्या बहुतेक वेळेत टाळता येतात.

न वाचता केलेली सही

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक आहे, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो. आपल्याकडे घरातलं बोलणं मराठीत होतं आणि दस्त मात्र बहुतेक कन्नडमध्ये असतो. आरटीसी उतारा (महाराष्ट्रातल्या सातबारासारखा) आणि म्युटेशनची, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलण्याची, नोटीसही कन्नडमध्येच येते. सब-रजिस्ट्रार ऑफिसात गर्दी असते, दस्त लिहिणारा घाईत असतो, आणि ‘इथे सही करा’ म्हटल्यावर आई अंगठा देऊन मोकळी होते. वाटणीचा म्हणून सांगितलेला कागद पुढे हक्कसोडपत्र निघतो. ‘फक्त मुखत्यारपत्र आहे’ म्हणून घेतलेली सही बक्षीसपत्रावर असते. एकदा नोंदणी झाली की ‘मला कळलं नव्हतं’ हे सिद्ध करणं सही करणाऱ्याच्याच गळ्यात पडतं.

कन्नड वाचता येत नसेल तर निदान दस्ताचं शीर्षक ओळखायला शिका. दानपत्र म्हणजे आपलं बक्षीसपत्र. विभाग पत्र म्हणजे वाटणीपत्र. हक्कु बिडुगडे पत्र म्हणजे हक्कसोड, क्रयपत्र म्हणजे खरेदीखत, आणि मरणशासन किंवा उयिलु म्हणजे मृत्युपत्र. शीर्षकानंतर देणारा कोण, घेणारा कोण, सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, एकर-गुंठे आणि रक्कम, एवढं कुणाकडून तरी वाचून घ्या. तो वाचणारा समोरच्या बाजूचा नसावा. मसुदा नोंदणीच्या दोन-तीन दिवस आधी घरी मागा. द्यायला कुणी का-कू केलं तर त्या दिवशी सही करू नका.

आणखी एक गोष्ट करून ठेवा. दस्ताच्या शेवटी ‘हा मजकूर मला मराठीत वाचून व समजावून सांगितला, तो मान्य आहे’ असं एक वाक्य घाला, आणि साक्षीदारांपैकी एक तरी दोन्ही भाषा जाणणारा घ्या. पुढे वाद झाला तर सही करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्याला, दोघांनाही याचा उपयोग होतो.

नावांचंही तसंच आहे. उताऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. माणूस हयात असताना प्रतिज्ञापत्र करून हे जुळवणं सोपं असतं. तो गेल्यावर ‘हीच ती व्यक्ती’ हे वारसांना सिद्ध करावं लागतं.

‘वर्दी दिली होती, वाटणी झाली’

गावाकडे अजून असंच चालतं. भाऊ एकत्र बसतात, कुणाला कुठला तुकडा ते ठरतं, तलाठ्याकडे वर्दी, म्हणजे वाटणीची खबर, देतात आणि नावं चढतात. सगळ्यांना वाटतं वाटणी झाली. पण उताऱ्यावरची नोंद ही सारा वसुलीसाठी असते. तिने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे.

आणि या बैठकीत बहिणी कुठे होत्या? हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. हा कायदा जैन आणि लिंगायत कुटुंबांनाही लागू आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या टिकतात. नुसती तोंडी वाटणी पुढे केली तर कोर्ट ती सहजासहजी मानत नाही. तिला सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. म्हणून ‘आमची वाटणी नव्वद सालीच झाली’ एवढ्यावर विसंबू नका.

बहिणीला लग्नात दिलं म्हणजे तिचा हिस्सा फिटला, ही समजूत कायद्यात कुठेही नाही. तिला खरोखर हक्क सोडायचा असेल तर तिने समजून-उमजून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. पण आधी तिला हिस्सा किती आहे ते सांगा. रक्षाबंधनाला बोलावून त्याच दिवशी सही घेणं मला योग्य वाटत नाही, आणि असे कागद पुढे कोर्टातही वादात सापडतात.

यात कूळकायद्याच्या जमिनींचा गुंता वेगळाच असतो. कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून कुळांच्या ताब्यातल्या जमिनी आधी सरकारकडे गेल्या आणि मग फॉर्म ७ भरलेल्या कुळांना मिळाल्या. घरातर्फे तो अर्ज बहुधा थोरल्यानेच केला, म्हणून फॉर्म १० चा मालकीचा दाखलाही त्याच्याच नावावर आला. आज थोरल्याची मुलं म्हणतात ‘जमीन आमच्या वडिलांची’, आणि धाकट्यांची मुलं म्हणतात ‘कसत सगळे होते’. जमीन एकट्याची की एकत्र कुटुंबाची, हे पुराव्यावर ठरतं. म्हणून कुळांचे अर्ज निकाली काढणाऱ्या लँड ट्रिब्युनलपुढचे जबाब, जुनी पहाणी पत्रकं आणि साऱ्याच्या पावत्या जपून ठेवा. घरच्या पेटीत मोडी लिपीतले कागद असतील तर मोडी वाचणाऱ्याकडून ते लिप्यंतर करून घ्या. १९५६ पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे मूळ हक्काचा धागा अशा जुन्या कागदांत सापडू शकतो.

आजीला विसरणं

हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलं आणि मुली यांच्याबरोबर त्याची आईही बरोबरीची वारस असते. वडील मात्र वारसांच्या या पहिल्या वर्गात येत नाहीत. समजा, वडगावातला एक यंत्रमागवाला गेला. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि म्हातारी आई. त्याने कमाईतून घेतलेल्या घराचे पाच सारखे हिस्से होतात आणि एक आईचा. ती आजी पुढे काही न लिहिता गेली तर तिचा पाचवा हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींत जातो, म्हणजे घर सांभाळणाऱ्या सुनेच्या दिरा-नणंदांनाही त्यात वाटा मिळतो. गेलेल्या मुलाच्या शाखेला त्यातला फक्त एक भाग येतो. ही गोष्ट लोकांना फार उशिरा कळते.

नॉमिनी म्हणजे मालक नाही

बँक, पतसंस्था, शेअर या सगळीकडे नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस असतो. ते पैसे वारसांचेच राहतात. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, आणि विम्याच्या रकमेबाबत कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने २०२५ मध्ये तसाच निर्णय दिला. तरीही नॉमिनी लावाच, नाहीतर पैसे अडकतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईचंच नाव आहे का, हे लष्करातल्या मुलांनी सुट्टीवर आल्यावर पाहून घ्यावं. पैसे नक्की कुणाला जावेत हे ठरवायचं असेल तर मृत्युपत्रच लागतं.

मृत्युपत्राबद्दलचे गैरसमज

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं चालतं. स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही. लागतात त्या दोन गोष्टी : लिहिणाऱ्याची सही, आणि ती सही प्रत्यक्ष पाहिलेल्या किंवा त्याने कबूल केलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. नोटरीचा शिक्का मारला पण साक्षीदारच नाहीत, असे कागद कोर्टात पडतात. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि गावातले असावेत, म्हणजे पुढे साक्षीला उभे राहू शकतील. ज्याला मिळकत मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नका, त्याने संशय वाढतो. वय झालेलं असेल तर त्याच आठवड्यातला डॉक्टरांचा दाखला जोडा.

नोंदणी करणं मात्र शहाणपणाचं. मजकूर घरात कुणालाच कळू नये असं वाटत असेल तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे.

मृत्युपत्राने फक्त स्वतःचं तेवढंच देता येतं. वडिलोपार्जित जमिनीत स्वतःचा हिस्सा देता येतो, मुलांचा-मुलींचा नाही. ‘सगळी जमीन थोरल्याला’ असं लिहिलं तरी बाकीच्यांचे हिस्से उडत नाहीत. मुस्लिम कुटुंबांत इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती कुटुंबांत जन्मसिद्ध हक्काची ही कल्पनाच नाही. तिथे मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना जातं.

हयातीतच सगळं देऊन मोकळं होणं

‘आपल्या डोळ्यांदेखत पोरांच्या नावावर करू’ म्हणून आई-वडील बक्षीसपत्र करतात. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की सहसा मागे घेता येत नाही. द्यायचंच असेल तर दोन गोष्टी दस्तात लिहून घ्या : तुम्हा दोघांना हयातभर त्या घरात राहण्याचा आणि उत्पन्न घेण्याचा हक्क, आणि मुलाने सांभाळ करण्याची अट. ही अट लिहिलेली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अर्ज उपविभागाधिकाऱ्यांकडे करायचा. आपल्या जिल्ह्यात ही कार्यालयं बेळगाव, बैलहोंगल आणि चिक्कोडीला आहेत. अट लिहिलेली नसेल तर वाट फार अवघड होते. नुसत्या विश्वासावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची मला खरंच काळजी वाटते.

मुखत्यारपत्राचं थोडक्यात सांगतो. देणारा वारला की ते संपलं. त्यानंतर त्याच्या आधारावर केलेली विक्री टिकत नाही.

बाँडवरची सोडचिठ्ठी

शंभराच्या बाँडवर पंचांसमोर सोडचिठ्ठी लिहिली म्हणजे घटस्फोट झाला, असं बरेच जण मानतात. कोर्टाचा हुकूमनामा नसेल, आणि तशी रूढी कोर्टात शाबीत होत नसेल, तर पहिली पत्नी कायद्याने पत्नीच राहते आणि वारसही. मग दुसरं लग्न बेकायदेशीर ठरतं आणि दुसरीला नवऱ्याच्या मिळकतीत वारस म्हणून काही मिळत नाही, तिने वीस वर्षं संसार केला असला तरी. तिची मुलं मात्र वडिलांच्या हिश्शाची वारस होतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये, कर्नाटकातूनच गेलेल्या एका खटल्यात, हे स्पष्ट केलं. अशा घरातल्या पुरुषाने त्या स्त्रीसाठी मृत्युपत्र केलंच पाहिजे.

घर बेळगावात, शेत चंदगडात

सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळकत असलेली घरं आपल्याकडे भरपूर आहेत. मृत्युपत्र एकच पुरतं, पण त्यात दोन्हीकडचे गट आणि सर्व्हे नंबर स्वच्छ लिहा. वारसा नोंद मात्र दोनदा करावी लागते : कर्नाटकात पौती खात्यासाठी, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी, नाडकचेरीत (स्थानिक महसूल कार्यालयात) अर्ज, आणि महाराष्ट्रात तिथल्या तलाठ्याकडे फेरफार. एका बाजूची नोंद झाली म्हणून दुसरीकडची आपोआप होत नाही. वाटणीचा दावा लावायची वेळ आली तर दोन्हीकडच्या मिळकतींसाठी एकाच कोर्टात दावा लावता येतो. अर्धी मिळकत दाव्याबाहेर ठेवू नका.

चूक झालीच असेल तर

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती राहिली असेल तर आधी तीच करून घ्या, कारण दाखल्याशिवाय वंशावळ, पौती, बँक यांतलं काहीच पुढे सरकत नाही. वंशावळीतून बहिणींची नावं गाळू नका. ती गाळली तर खोटं प्रतिज्ञापत्र तुमच्या सहीने दाखल होतं.

तुम्हाला न कळवता नाव कमी झालं असेल तर म्युटेशनच्या आदेशाची नक्कल काढा. तो आदेश कळल्यापासून ६० दिवसांत उपविभागाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. फसवून दस्तावर सही घेतली असेल तर तो रद्द करण्याचा दावा, फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत दिवाणी कोर्टात लावावा लागतो. घरच्या बैठका घेत बसण्यात ही मुदत घालवू नका. मिळकतीची ईसी (बोजा दाखला) काढून मधल्या काळात ती कुणाला विकली किंवा गहाण टाकली आहे का, तेही पाहा.

वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून अनेक बहिणी आणि विधवा गप्प बसतात. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या ठिकाणी तालुका समितीकडे अर्ज करता येतो. जाताना चालू आरटीसी किंवा सीटीएस उतारा, मृत्यूचा दाखला, आधार आणि हाताशी असतील तेवढे जुने कागद घेऊन जा. अर्ज कन्नडमध्ये लिहून देणारं कुणी नसेल तर तेही तिथेच सांगा.