मुरघासाचं ॲसिड हाताळताना

मुरघास, म्हणजे हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा, सडू नये म्हणून काही गोठ्यांत कापलेल्या मक्यावर फॉर्मिक ॲसिड फवारतात. काही मुंग्यांच्या डंखातली आग याच ॲसिडची; पण मुंगीचा डंख म्हणजे नखभरही नाही, आणि कॅनमध्ये बहुधा 85 टक्के तीव्रतेचं असतं. कातडी कमावायला, केरळात रबराचा चीक गोठवायलाही हेच वापरतात.

दिसतं पाण्यासारखं. म्हणून थंड पेयाच्या बाटलीत चुकूनही काढून ठेवू नका, घरात लेकरं असतात. कॅन उन्हातही नको, आपल्या मे महिन्यात तर अजिबात नको: या तीव्र ॲसिडातून हळूहळू कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि बंद कॅनमध्ये दाब वाढतो. बूच सावकाश, तोंड बाजूला करून, मोकळ्या हवेत उघडा. पातळ करताना आधी पाणी, मग ॲसिड. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यानं वाफ अडत नाही. ॲसिडला टिकणारे हातमोजे आणि डोळे पूर्ण झाकणारा चष्मा घाला.

अंगावर उडालं तर हळद, तेल, चुना काहीच लावू नका. कपडे काढून निदान 20 मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तसंच धुवा आणि 108 ला फोन करा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, लगेच दवाखाना गाठा.