अक्षांश-रेखांश बदलताना या चुका टाळा

१५.३० म्हणजे साडेपंधरा अंश नव्हे. सर्व्हेच्या फील्डबुकात, ट्रॉलरवरच्या वहीत, परवान्याच्या अर्जात हीच चूक पुन्हा पुन्हा सापडते, आणि तिचं मूळ आपल्या लिहिण्याच्या सवयीत आहे. आपण वेळ टिंब देऊन लिहितो. सायंकाळी ५.३० म्हणजे साडेपाच, यात कुणालाच शंका नसते. तीच नजर अक्षांशावर गेली की १५.३० चे १५ अंश ३० मिनिटं होतात.

एका अंशाची ६० मिनिटं आणि एका मिनिटाचे ६० सेकंद, म्हणून प्रत्यक्षात १५.३० अंश म्हणजे १५ अंश १८ मिनिटं, खुणांनी १५°१८′. साडेपंधरा अंश लिहायचे तर १५.५० लिहावे लागतात. मधला फरक १२ मिनिटांचा, आणि जमिनीवर तो २२ किलोमीटर भरतो. मडगावचा अक्षांश सुमारे १५.२७ आहे. तो कुणी १५°२७′ केला की बिंदू जुवारी ओलांडून फोंडा तालुक्याच्या बाजूला जातो. तरी तो गोव्यातच राहतो, नकाशावर सगळं ठीकठाक दिसतं, म्हणून कागद पुढे सरकतो. पणजीच्या १५.४९ ची हीच गत केली तर बिंदू बांद्याच्या बाजूला, म्हणजे थेट सिंधुदुर्गात जातो. ते निदान लगेच दिसतं.

रेखांश इथे थोडी मदत करतो. पणजी ७३.८३, मडगाव ७३.९६. टिंबानंतरचा आकडा ६० किंवा त्याहून मोठा असला की ती मिनिटं असूच शकत नाहीत. पण सत्तरी, सांगे, काणकोण या बाजूला हा आधार सुटतो. वाळपईचा ७४.१३ बिनबोभाट ७४°१३′ होऊन बसतो आणि बिंदू नऊ किलोमीटरहून जास्त पूर्वेला सरकतो.

यावर जुनी आणि भरवशाची तपासणी म्हणजे सव्वा, साडे, पावणे. सव्वापंधरा १५.२५, साडेपंधरा १५.५०, पावणेसोळा १५.७५, मिनिटांत तेच १५, ३०, ४५. रूपांतराचं उत्तर यांतल्या कोणत्या दोन खुणांमध्ये यायला हवं ते आधी मनात ठरवा आणि मगच कॅल्क्युलेटर हातात घ्या. सगळी यादी एकदम ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये ओतणाऱ्या नवशिक्यांनी निदान पहिल्या चार नोंदी हाताने कराव्यात. कन्व्हर्टर गणित चुकत नाही, पण आपण त्याला काय दिलं ते त्याला कळत नाही.

गणित इतकंच आहे. आग्वाद किल्ल्याच्या आसपासचा अक्षांश घ्या: १५°२९′३०.६″. सेकंदांना ६० ने भागा, ०.५१ येतात. ते मिनिटांत मिळवा, २९.५१. त्याला पुन्हा ६० ने भागा, ०.४९१८३. उत्तर १५.४९१८३ अंश. उलट जाताना भागण्याऐवजी ६० ने गुणायचं आणि पूर्णांक बाजूला काढत जायचं. मधल्या पायरीवर आकडा छाटू नका. २९.५१ चे २९.५ केलेत की तिथेच अठरा मीटर गेले.

दशांश मिनिटं: सगळ्यात महागात पडणारी चूक

वरचाच बिंदू मधल्या पद्धतीत १५°२९.५१०′ असा लिहितात. अंश पूर्ण, मिनिटं दशांशात, सेकंद नाहीतच. बोटींवरचे जीपीएस आणि चार्ट प्लॉटर (पडद्यावर समुद्राचा नकाशा आणि बोटीची जागा दाखवणारं यंत्र) बहुधा हीच पद्धत दाखवतात, गार्मिनच्या हातातल्या यंत्रांतही मुळात हीच असते. मोबाइलवरचा नकाशा दशांश अंश देतो आणि सरकारी कागद अंश-मिनिट-सेकंद मागतो. घोटाळा होतो तो या तिघांच्या मधे.

एका ट्रॉलरवर घडलेला प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या वहीत समुद्रातल्या एका खडकाची नोंद होती: १५ २२ ४८० आणि ७३ ४३ ३५०. टिंब नाही, खूण नाही. लिहिणाऱ्याला त्याची गरजच नव्हती, कारण यंत्र एकच आणि पद्धत एकच. मग प्लॉटर बदलला. नवा अंश-मिनिट-सेकंदावर लावलेला होता. वही समोर ठेवून नोंदी भरणाऱ्या मुलाला ४८० सेकंद बसेनात. त्याने शेवटचं शून्य उडवलं आणि ४८ भरले, रेखांशाला ३५.

आता हिशेब करा. २२.४८० मिनिटं म्हणजे २२ मिनिटं २८.८ सेकंद. भरले ४८, म्हणजे १९.२ सेकंद जास्त. रेखांशात ४३.३५० म्हणजे ४३ मिनिटं २१ सेकंद, तिथे १४ सेकंद जास्त. आपल्याकडे अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३०.७ मीटर आणि रेखांशाचा सुमारे २९.८ मीटर. म्हणजे खूण खऱ्या खडकापासून ५९० मीटर उत्तरेला आणि ४१५ मीटर पूर्वेला पडली. सरळ रेषेत सातशे मीटरहून जास्त. तीन नॉट वेगाने जाळं ओढताना हे अंतर आठ मिनिटांचं. बोट पडद्यावरच्या खुणेला चांगली बगल देऊन नैर्ऋत्येकडून गेली, आणि खडक नेमका तिथेच होता. जाळं फाटलं.

ही चूक इतकी लपून राहते त्याला कारण आहे. टिंबानंतरचे आकडे ६० किंवा त्याहून जास्त असले तर भरतानाच अडतं. फसवतात त्या ६० च्या खालच्या नोंदी, आणि त्यांत जास्तीत जास्त चूक २४ सेकंदांच्या आत, म्हणजे ७४० मीटरपर्यंतच जाते. नकाशावर बिंदू जवळपास बरोबरच वाटतो. बावीस किलोमीटरची चूक कधीतरी डोळ्यांवर येईल, सातशे मीटरची येत नाही.

म्हणून प्लॉटर बदलला की पहिलं काम पोझिशन फॉरमॅट बघण्याचं. दुसरं, बोट जेटीला बांधलेली असतानाच जुन्या आणि नव्या यंत्राचं वाचन शेजारी शेजारी लिहून काढायचं आणि एकातून दुसरं हाताने काढून बघायचं. वहीत टिंब आणि मिनिटाची खूण प्रत्येक ओळीत हवी. वरच्या ओळीप्रमाणे म्हणून आडव्या रेघा मारण्याची सवय सोडा. आणि एका बोटीवर एकच पद्धत ठेवा. दोन पद्धती सांभाळू म्हणणारे शेवटी जाळं गमावतात.

बाकीच्या चुका

सेकंदांना १०० ने भागणं. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, ६० ने भागा.

साठ सेकंद लिहिणं. १५.४९९९ चे १५°२९′५९.६४″ होतात. पूर्ण सेकंदात आणताना एक्सेल खुशाल १५°२९′६०″ लिहून देतं. ते १५°३०′००″ व्हायला हवं. आधी पूर्ण आकड्याचे सेकंद करून गोल करा आणि नंतर फोड करा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

एक्सेलमध्येच एक चांगली सोय आहे. १५:२९:३०.६ असं टाइप केलं की ते त्याला वेळ समजतं. त्याला २४ ने गुणा, सेलचा फॉरमॅट नंबर करा, दशांश अंश तयार. हा शॉर्टकट वापरायला हरकत नाही, कारण यात मधे कुठेही आकडा छाटला जात नाही.

उणे चिन्ह. गोव्यात दोन्ही आकडे अधिक, त्यामुळे सवय नसते. लिस्बनचा रेखांश −९.१३९३ आला की सूत्रातला पूर्णांक काढणारा भाग खालच्या बाजूला जातो आणि −१० देतो. मग पुढचं सगळं बिघडतं. चिन्ह आधी काढून ठेवा, रूपांतर करा, शेवटी पश्चिम लिहा: ९°०८′२१.५″ पश्चिम.

क्रम. केएमएल, म्हणजे गूगल अर्थसारख्या नकाशांच्या फाइलमध्ये रेखांश आधी येतो. आकडे उलटे पडले तर पणजी नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात दिसते. गोव्यापुरतं लक्षात ठेवा: १४ किंवा १५ ने सुरू होतो तो अक्षांश, ७३ किंवा ७४ ने तो रेखांश.

दशांशानंतर दहा-बारा आकडे. पाचव्या आकड्याला १.१ मीटर येतात. पुढचे आकडे मोबाइलच्या जीपीएसला कळतच नाहीत, ते अर्जात भरू नका.

आणि सगळं रूपांतर बरोबर करूनही बिंदू प्रत्येक ठिकाणी एकाच दिशेने शंभर मीटरहून जास्त सरकलेला दिसला, तर आकडेमोड पुन्हा करत बसू नका. नोंद जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्व्हेच्या छापील नकाशावरून घेतली आहे का ते बघा. ती टोपोशीटं एव्हरेस्ट गोलाभावर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर; पृथ्वीचा आकार धरण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती. तिथे अंश-मिनिटांचा फॉरमॅट बदलून काही होत नाही, डेटमच, म्हणजे मोजणीचा हा पायाच बदलावा लागतो.