पडले न्हाय, बसले : घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याचा हिशोब कसा ठेवायचा

आमच्या आज्जीनं डाव्या हातातल्या बांगड्या काढून उजव्या हातात घातल्या होत्या, त्यावरनं सगळं कळलं. एका शनिवारी गावी गेले होते (तासगाव तालुका, सांगलीतनं एसटीनं), चहा झाला, गप्पा झाल्या, आणि ती भाकरी थापायला बसली तर उजवा हात काकणांनी भरलेला आणि डावा मोकळा, शिवाय डावा हात परातीला लावेचना. म्हटलं आज्जी पडलीस का? "पडले न्हाय गं, बसले." कुठं बसलीस? "मोरीत." कधी? "झालं की चार दिस." शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या आजोबांना पत्ता नाही. मिरजेला नेऊन एक्सरे काढला तर मनगटाच्या जरा वरचं हाड मोडलेलं, आणि ह्या बाईनं चार दिवस एका हातानं धारा काढल्या होत्या.

मी पतसंस्थेत कामाला आहे, दिवसभर वही आणि कॅश जुळवायची. आमच्याकडं एक साधी गोष्ट असते, जे वहीत नाही ते झालंच नाही. म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याचं नेमकं तेच होतं, कुठल्याच वहीत नसतं. आता बघा, जागतिक आरोग्य संघटना सांगते की ६५ च्या पुढची साधारण २८ ते ३५ टक्के माणसं वर्षातनं एकदा तरी पडतात, सत्तरीच्या पुढं ३२ ते ४२ टक्के. जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर दुसरा नंबर पडण्याचाच आहे, आणि डॉक्टरकडं जावं लागेल असं पडणं वर्षाला ३ कोटी ७३ लाख वेळा होतं. तरी गावात कुणालाही विचारा, "आमच्यात कोण पडत नाही बाबा" हेच उत्तर.

मृत्यूच्या नोंदीतही तेच. बाई पडते, खुब्याचं हाड मोडतं, तीन महिने अंथरुणावर, मग छातीत कफ होतो, न्यूमोनिया होतो आणि जाते, आणि दाखल्याच्या वेळी सांगितलं जातं वय झालं होतं. खरं तर मृत्यूच्या कारणाच्या फॉर्मवर अ, ब, क अशी साखळी भरायची असते, शेवटचं कारण वर आणि सुरुवात जिथनं झाली ते सगळ्यात खाली, म्हणजे न्यूमोनिया, त्याच्या खाली खुब्याचं फ्रॅक्चर, त्याच्या खाली घरात पडणे. पण देशात डॉक्टरनं कारण लिहून दिलेले मृत्यू २०२० साली नोंद झालेल्यांपैकी फक्त साडेबावीस टक्क्यांच्या आसपास होते. बाकीच्यांचं पडणं कुठं लागलं हिशोबाला? माणसांचा आकडासुद्धा अजून २०११ च्या जनगणनेचाच चालू आहे, तेव्हा देशात साठीच्या पुढची सुमारे १० कोटी ३८ लाख माणसं होती आणि महाराष्ट्रात दर १०० मागं १० च्या जवळपास. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ ला. तोवर आपली वही आपणच घालायची. कशी घालायची ते सांगते.

पहिलं म्हणजे "पडलात का" असं विचारायचंच नाही. उत्तर नाहीच येणार, कारण पडले म्हटलं की लेक पुण्याला घेऊन जाणार, रानात जायचं बंद होणार, म्हस विकायला काढणार हे त्यांना पक्कं माहीत असतं. विचारायचं असं, की तोल गेला का, मोरीत हात टेकायला लागला का, खाटेवरनं उठताना परत बसायला झालं का, चपलेत पाय अडकला का. आणि पडणं कशाला म्हणायचं हे आधी ठरवून घ्या, नाहीतर तुमची वही आणि शेजारच्याची वही जुळणार नाही. व्याख्या सोपी आहे, मनात नसताना माणूस जमिनीला टेकला किंवा होता त्यापेक्षा खालच्या जागी गेला की ते पडणं. लागलं का नाही लागलं ह्याचा संबंध नाही. खाटेवरनं घसरून खाली आली, पडणं. पायरीवर अचानक बसायला झालं, पडणं. त्यामुळं आज्जी, तू बसलीस ते पडलीसच. भिंत धरली आणि वाचली तर ते पडणं नाही, पण त्याची वेगळी खूण करा, ती लई कामाची असते.

वही कुठली तर कालनिर्णय. घरोघरी दुधाचा खाडा त्याच्यावरच मांडतात, म्हणजे सवय आहे. त्या दिवसाच्या चौकोनात पडलं तर फुली, भिंत धरून वाचलं तर गोल, काहीच नाही तर एक टिंब. टिंब का, तर कोरा चौकोन बघून कळत नाही की काही झालं नाही का लिहायचं राहिलं, पतसंस्थेत नवीन पोरांना मी हेच पहिल्या दिवशी शिकवते. रोज रात्री गोळी घेताना खूण करायची आणि महिन्याच्या शेवटी मोजायचं. वर्षातनं एकदा विचारलं तर न लागलेलं पडणं माणूस साफ विसरतो, म्हणून बाहेरच्या अभ्यासांतही आता रोजची खूण आणि दर महिन्याला गोळा करणं हीच पद्धत चांगली धरतात. आज्जीला लिहिता येत नाही पण फुली येते की!

फुली असेल त्या दिवशी मागच्या बाजूला चार शब्द लिहा. वेळ, जागा, काय करत होती, पायात काय होतं, उजेड होता का, कुठली गोळी घेऊन किती वेळ झाला होता, स्वतःहून उठली का कुणी उठवली आणि किती वेळ खाली होती. शेवटचं विसरू नका, तासाभरापेक्षा जास्त वेळ फरशीवर पडून राहणं हे लागण्याइतकंच वाईट असतं, अंग गार पडतं, दाबानं स्नायू खराब होतात, मग किडनीवर येतं.

हे झालं घरापुरतं. आळीचं किंवा ज्येष्ठ नागरिक संघाचं करायचं असेल तर थोडा हिशोब लागतो, घाबरू नका, व्याजापेक्षा सोपा आहे. समजा आळीत ६५ च्या पुढची ४० माणसं आहेत. वर्षाचे महिने ४० गुणिले १२ म्हणजे ४८०. पण आपल्याकडं म्हातारी माणसं एका जागी कुठं असतात, कुणी चार महिने पुण्याला लेकाकडं, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी मधेच वारलं. असे समजा ३० महिने गेले तर उरले ४५०. ह्या ४५० महिन्यांत १५ फुल्या आल्या तर १५ भागिले ४५०, गुणिले १२ गुणिले १००, उत्तर ४०, म्हणजे १०० माणसांमागं वर्षाला ४० वेळा पडणं. गैरहजर महिने वजा केले नाहीत तर आकडा विनाकारण कमी दिसतो. दुसरं, पडणं वेगळं आणि पडणारी माणसं वेगळी. १५ फुल्यांमधल्या ६ एकाच आजोबांच्या असतील तर आळीची फरशी खराब नाही, आजोबांना डॉक्टरकडं न्यायला पाहिजे. आणि मागच्या वर्षी एकाचं खुब्याचं हाड मोडलं, ह्या वर्षी दोघांचं, म्हणून "प्रमाण दुप्पट झालं" असं ग्रुपवर टाकू नका, एवढ्या लहान आकड्यात असं वरखाली होतच असतं. नावं तर अजिबात टाकायची नाहीत ग्रुपवर, एकदा नाव आलं की पुढच्या महिन्यापासनं सगळी माणसं "बसायला" लागतात. उलटी परीक्षा पण आहे, ४० माणसांत वर्षाला दहा-बारा जण तरी पडणार हे धरून चाला, तुमच्या वहीत दोनच आले तर माणसं दणकट आहेत असं नाही, वही कच्ची आहे.

आता कागद बोलतो कसा ते बघा. हाताचं प्लास्टर असतानाच आज्जीचं कालनिर्णय सुरू केलं, तीन महिन्यांत दोन फुल्या आणि गोल बरेच, आणि जवळजवळ सगळे पहाटे तीन ते पाचच्या मधले, खाटेवरनं मोरीपर्यंतच्या वाटेवर. लघवीची गोळी ती रात्री जेवल्यावर घेत होती! डॉक्टरांना पान दाखवलं, त्यांनी गोळी सकाळची केली आणि गोल कमी झाले. स्वतःच्या मनानं गोळी बदलू नका, पान घेऊन जा आणि दाखवा. झोपेच्या गोळ्या, बीपीच्या, प्रोस्टेटच्या, सर्दीच्या काही गोळ्या, ह्या सगळ्यांनी तोल जाऊ शकतो, आणि दोन-तीन डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र चालू असल्या तर सगळी पाकिटं एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरपुढं रिकामी करा.

घरी बीपीचं मशीन असेल तर एक करा. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी बघा, मग उभं करून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत बघा, शेजारी कुणीतरी धरायला पाहिजे. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर उठल्यावर भोवळ येते ती ह्याच्यामुळं, डॉक्टरला सांगा. दुसरी परीक्षा खुर्चीची, खुर्चीतनं उठायचं, नेहमीच्या चालीनं ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, मोबाईलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा त्याच्या वर गेलं तर पडायचा धोका आहे असं धरतात. आमच्या आजोबांनी ही परीक्षा शर्यत समजून पळत दिली, परत घ्यायला लागली.

घरात काय बदलायचं ह्यावर लोक भरपूर लिहितात म्हणून थोडक्यात. सगळ्यात आधी मोरी. शहाबादीवर साबणाचं पाणी आणि शेवाळ म्हणजे तेल सांडल्यासारखं, आठवड्याला ब्रशनं घासायचं आणि भिंतीला धरायला दांडी ठोकायची, पण ती फरशीच्या पोकळ जागेत नाही तर विटेत पक्की, प्लंबरनं आमच्यात पहिल्यांदा नुसत्या टाइलवर लावलेली, मी धरून लोंबकळले तर हातात आली. (टॉवेलच्या दांडीला धरू देऊ नका, ती टॉवेलपुरतीच असते.) खाटेपासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा, उंबऱ्याला पांढरा पट्टा, पायपुसणं आणि वाकळ वाटेतनं उचला, झिजलेली स्लीपर फेकून द्या, आणि नऊवारी जमिनीला घासत असेल तर दोन बोटं वर नेसायला सांगा, हे सांगायचं काम मात्र सुनेनं करू नये, लेकीनं किंवा नातीनं करावं. वाडा जुना असेल आणि संडास परड्यात असेल तर रात्रीपुरती कमोडची खुर्ची खाटेजवळ ठेवा. लाज वाटते, आठ दिवसांत जाते.

आणि पडलंच तर? बगलेत हात घालून झटकन उचलायचं नाही, हीच पहिली चूक सगळे करतात. आधी तिथंच राहू द्या, बोलू द्या, कुठं दुखतंय विचारा. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं असेल तर खुबा मोडलाय असं समजायचं, उभं करायचं नाही, चोळायचं नाही, हाड बसवणाऱ्याकडं न्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा, गाडीचे पैसे लागत नाहीत. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावं असं धरतात, "आठ दिवस बघू" म्हणण्यात माणूस अंथरुणाला खिळतो. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वरनं काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात, डोक्यातला रक्तस्राव कधीकधी काही दिवसांनी पण कळतो, झोपाळूपणा किंवा बडबड सुरू झाली तर थांबू नका.

सोयींचं सांगायचं तर सांगली-मिरजेची सरकारी हॉस्पिटलं आहेत, सातारकरांना क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, आणि ज्येष्ठांच्या आरोग्याच्या सरकारी कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वेगळा वॉर्ड आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातनं एक दिवस ज्येष्ठांची ओपीडी धरलेली आहे, तुमच्या केंद्रात कुठला वार ते आशाताईला विचारा. सत्तरी पूर्ण झालेल्या कुणालाही, घरचं उत्पन्न काही का असेना, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, २०२४ च्या ऑक्टोबरपासनं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पडायच्या आधी काढा, मोडलेल्या हातानं आधारचा अंगठा द्यायला बसवणं म्हणजे छळ आहे. ६५ च्या पुढं आणि घरचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, वॉकर, चष्मा, कमोडची खुर्ची असल्या वस्तूंसाठी एकदाच ३ हजार रुपये खात्यावर येतात. ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. घरी मावशी ठेवणार असाल तर दर विचारायच्या आधी एक विचारा, माणूस फरशीवरनं कसं उठवता करून दाखवा. ज्यांना येतं त्या आधी खुर्ची ओढतात, पडलेल्याला टेकून उठता यावं म्हणून.

आणि महिना उलटला की पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मागच्या बाजूचा पण. पहिल्या वर्षाचं आमचं अख्खं कालनिर्णय आज्जीनं जानेवारीत फडताळात डब्यांच्या खाली अंथरलं, ऑगस्टच्या दोन फुल्या लोणच्याच्या बरणीखाली सापडल्या, तेलात.